चालते घड्याळ, थांबलेला आकडा

मित्रांनो, भांडाराच्या कोपऱ्यात, फुटक्या विटांच्या ढिगामागे, ताडपत्रीखाली एक बसकी लोखंडी पेटी दिसते आहे ना, तो मी. मी एक जुना संगणक आहे. माझ्या काचेवर आता काही उमटत नाही आणि माझ्या कळांच्या फटीत पालीने संसार थाटला आहे. तुम्ही ताडपत्री उचललीत तेव्हा मी दचकलो. वाईट वाटून घेऊ नका, मी जन्मापासूनच भित्रा आहे. पूर्वी मी उगाच घाबरत असे आणि लोक मला हसत. मग उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी असा घाबरलो, की वीज तोडली तरी ती भीती माझ्यातून गेली नाही.

माझा जन्म बंगळूरचा. तिथे पांढरे कोट घातलेल्या मुलींनी माझ्या आतल्या पाट्यांवर बारीक बारीक भाग शिशाचे डाग देऊन जोडले. मला भुशाच्या खोक्यात घालून रेल्वेने दुर्गला आणले आणि तिथून ट्रकने भिलाईला. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. इथल्या मोठ्या पोलाद कारखान्यात मला नेतील असे वाटून मी हुरळून गेलो होतो. पण ट्रक पुढे निघाला आणि अहिवाऱ्याच्या रस्त्याला एका लहानशा कारखान्यात शिरला. भट्ट्यांच्या आत बसवायच्या, आगीत न वितळणाऱ्या विटा तिथे बनत.

माझे कौतुक मात्र भरपूर झाले. माझ्यासाठी गार हवेची खोली केली, खिडक्या बंद केल्या, माझ्यापुढे नारळ फोडला. खोलीत यायचे तर मोठ्या साहेबांनाही चपला दाराबाहेर काढाव्या लागत. माझी राखण प्रेमलाबाईंकडे होती. त्यांचे यजमान मोठ्या कारखान्यात होते, म्हणून त्या तिथल्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये राहत आणि लुनावरून कामाला येत. रोज सकाळी त्या आपल्या जुन्या साडीच्या मऊ तुकड्याने माझी काच पुसत. तो स्पर्श मला अजून आठवतो.

आता माझे काम सांगतो. विटा भाजायला जो गॅस लागे, तो कारखाना स्वतःच कोळशापासून बनवत असे. त्या गॅसला डांबराचा वास येतो, पण त्यातला जो भाग माणसाला मारतो, त्याला ना वास ना रंग. माणूस आधी पेंगतो, मग झोपतो आणि उठत नाही. गॅस वाहून नेणारी एक मोठी वीटबंद नळी होती. माणूस वाकून आत जाईल एवढी. तिच्या आत डांबर साचले की नळीचा एक भाग बंद करून माणसे आत उतरत आणि खरवडून डांबर काढत. नळीच्या तोंडाशी गॅस मोजणारा मीटर होता. तो एका लांब तारेवरून दर काही सेकंदांनी मला आकडा पाठवी. मी तो आकडा काचेवर दाखवायचा. तो मर्यादेच्या वर गेला तर कारखान्याचा भोंगा वाजवायचा. आणि अर्धे मिनिट एकही आकडा आला नाही, तरीही भोंगा वाजवायचा, कारण मीटरच मेला तर आत काय चालले आहे हे कुणाला कळणार?

मी येण्यापूर्वी हे काम हातोड्याने होत असे. धोंडबा नावाचा दांडगा गडी नळीबाहेर बसून लोखंडी झाकणावर ठोका मारी. आतून दोन ठोक्यांचे उत्तर आले की सगळे ठीक. उत्तर नाही आले तर तो पुन्हा मारी. तरीही नाही आले, तर दोर कमरेला बांधून आत शिरे.

आत उतरणाऱ्यांचा मिस्त्री होता लहानू. भंडाऱ्याकडचा माणूस, राहायला भिलाईच्या कोहका वस्तीत, बायको भीमाबाई. बोलायची त्याला फार हौस होती. त्याची मुलगी सत्यशीला नागपूरला इंजिनीअर झाली आणि माझ्यासाठी प्रोग्राम लिहायला याच कारखान्यात लागली. पहिल्या दिवशी ती खोलीत आली तेव्हा लहानू दाराबाहेर चपला काढून, हात मागे बांधून उभा राहिला. आत या म्हटले तरी आला नाही. "माह्या अंगाचं डांबर लागन तिले," एवढेच तो म्हणाला. ती म्हणजे मी. नागपूरकडच्या बोलीत मी सगळ्यांची मशीन होतो.

मित्रांनो, माझ्या पोटात एक कारभारी राहत असे. शिकलेले लोक त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. माझ्यात चालणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामला परस्पर कशालाही हात लावायची मुभा नव्हती. तारेवरचा आकडा हवा, कागदावर काही छापायचे आहे, की कारभाऱ्याकडे मागणी करायची. या मागणीला सिस्टीम कॉल म्हणतात. मागितलेली वस्तू अजून आलेली नसेल, तर कारभारी प्रोग्रामला झोपवून ठेवी आणि वस्तू आली की उठवी. पण मध्येच काही निकडीचे निघाले, तर झोपलेल्याला हाक मारायचीही सोय होती. त्या हाकेला सिग्नल म्हणतात. हाक आली की झोप मोडणारच. मग अर्ध्यात मोडलेल्या मागणीचे काय करायचे, यातच माझी सारी कथा आहे.

सत्यशीलाने प्रोग्राम लिहिला तो नागपूरच्या कॉलेजातल्या यंत्रावर, आणि तिथून आणून माझ्यात घातला. त्याची मागणी साधी होती. मीटरचा पुढचा आकडा दे, आणि अर्ध्या मिनिटात आला नाही तर रिकाम्या हाताने परत पाठव. हात रिकामा दिसला की प्रोग्राम भोंगा वाजवी. तिने मीटरची तार काढून पाहिली, अर्ध्या मिनिटात भोंगा वाजला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण दर तासाला मला एक कागद छापावा लागे. छपाई संपली की कारभारी प्रोग्रामला हाक मारून तसे कळवी. प्रोग्राम त्या वेळी आकड्याची वाट पाहत झोपलेला असे. हाकेने तो उठे, आणि माझा कारभारी त्याला सांगे, तुझी मागणी अर्ध्यातच मोडली. प्रोग्रामला एवढेच दिसे, की हात रिकामा आहे. आणि मी भोंगा ठोकून देई.

पहिल्यांदा भोंगा झाला तेव्हा नळीतली माणसे जिवाच्या आकांताने बाहेर पडली. एकाचे गुडघे फुटले. बाहेर येऊन पाहतात तर गॅस नाहीच. तासाभराने पुन्हा तेच, त्यानंतर पुन्हा. दोन दिवसांत माणसांनी धावणे सोडले आणि हसणे सुरू केले. कारखान्याचे नरहरी साहेब दारात येऊन म्हणाले, "सत्यशीला, हे काय करून राहिली तुझी मशीन? उद्या खरंच गॅस सुटला तर कोणी उठणारसुद्धा नाही."

संध्याकाळी लहानू दाराशी आला आणि त्याने विचारले, "माय, काही भारी बिघडलं का?" तिने मान हलवून नाही म्हटले. त्याच्यासमोर रडायचे नाही असे तिने ठरवले होते, आणि ती रडलीही नाही. तो गेल्यावर मात्र तिचे कपाळ माझ्या काचेला टेकले. ते तापलेले होते.

माझ्याबरोबर आलेली जाडजूड पुस्तके चाळता चाळता एका दुपारी तिला कारण सापडले. प्रेमलाबाई डबा खात होत्या. त्यांना तिने ते असे सांगितले:

"प्रेमलाताई, कोहक्यात रॉकेलची लाइन लागते ना, तशी गोष्ट आहे. मधातच घरून कोणी हाक मारली, तर माणूस आपल्या जागी एक वीट ठेवते, घरी जाऊन येते अन् त्याच जागी उभं राह्यते. नागपूरची मशीन तशी होती. ती स्वतःच वीट ठेवे, म्हणून मले तिथं काही समजलंच नाही. आपली मशीन वीट ठेवत नाही. हाक आली की लाइनीतून बाहेर काढते अन् रिकामा डबा हातात देते. माझा प्रोग्राम समजते, रॉकेल संपलं."

"मग आता गं?"

"डबा रिकामा कावून आहे ते आधी विचारायचं. हाकेमुळं असंन, तर बोंबलायचं नाही. परत लाइनीत जाऊन उभं राह्यचं."

तिने प्रोग्राममध्ये तेवढे वाढवले. हाकेने मागणी मोडली, तर तीच मागणी पुन्हा करायची. झाले. छपाया होत राहिल्या आणि मी गप्प राहिलो. एकदा नळी बंद करणारा व्हॉल्व्ह नीट लागला नव्हता आणि खरोखरच गॅस चढला, तेव्हा मी वेळेवर भोंगा वाजवला आणि सगळे सुखरूप बाहेर आले. त्या दिवशी नरहरी साहेबांनी पेढे वाटले. माझ्या डोक्यावर कुणीतरी झेंडूचा हार ठेवला आणि त्याचे पाणी माझ्या फटीत गेले, पण मी रागावलो नाही.

लहानूला तर आभाळ ठेंगणे झाले. दारात उभा राहून, मला ऐकू येईल अशा आवाजात तो धोंडबाला म्हणाला, "आता हातोडा ठेव बावा बाजूले. माह्या पोरीची मशीन पाहून राहिली ना."

"मारत जातो जी एखादा ठोका. आदत आहे."

"भरोसा नाही का तुले? लोक का म्हणतीन, बापालेच भरोसा नाही."

धोंडबाने हातोडा ठेवला. पोरीचा मान राखायला म्हणून ठोके बंद झाले. मला त्या वेळी छाती फुगल्यासारखे वाटले, हे मी लपवत नाही.

मग उन्हाळा आला. दूरचे खरेदीदार पाहुणे कारखाना पाहायला येणार होते. झाडांना गेरू आणि चुना लागला, रस्त्याच्या कडेने पांढरी फक्की पडली, भट्ट्यांजवळ मांडव उभा राहिला. नरहरी साहेबांनी माझ्या काचेकडे पाहिले आणि नाक मुरडले.

"सत्यशीला, स्क्रीन मेल्यासारखी दिसते. एकटा आकडा बसून राहिला मधात. पाहुण्यांना वाटेल, बंदच आहे. वरती एक घड्याळ टाक, सेकंदासकट. काहीतरी हललं पाहिजे."

"साहेब, नळीची सफाई झाल्यावर टाकू का?"

"परवा पाहुणे येऊन राहिले. आजच टाक."

तिने घड्याळ टाकले. दर सेकंदाला कारभारी प्रोग्रामला हाक मारी, प्रोग्राम उठून सेकंदाचा आकडा बदली आणि मोडलेली मागणी पुन्हा करून झोपे. घड्याळ फार सुंदर चाले. आकडा मर्यादेवर गेला की भोंगा वाजतो का, हेही तिने पुन्हा तपासले. मीटरची तार काढून मात्र पाहिली नाही, कारण ते तिने सुरुवातीलाच पाहिले होते. तेव्हा घड्याळ नव्हते.

आता मी त्या दुपारवर येतो, मित्रांनो, आणि माझ्या तारा आखडतात. पाहुण्यांच्या आदल्या दिवशीची गोष्ट. भट्टीची ज्योत स्वच्छ दिसावी म्हणून लहानू आणि त्याच्या हाताखालचा गडी देवाजी नळीत डांबर खरवडत होते. देवाजी तोंडाजवळ, लहानू आत खोलवर. धोंडबा बाहेर बसलेला होता, पण मांडवात खुर्च्या कमी पडल्या म्हणून त्याला खुर्च्या वाहायला बोलावले, आणि मशीन पाहतेच आहे म्हणून तो गेला. मांडवातला कुलर चालू करून बघायचा होता. मंडपवाल्याच्या माणसाने जवळचे सॉकेट शोधले. त्यात काहीतरी खोचलेले होते, ते त्याने काढले आणि कुलर लावला. कुलर झकास चालू झाला. काढलेला प्लग मीटरचा होता.

माझ्या तारेवर शांतता पसरली.

प्रोग्रामने कारभाऱ्याकडे मागणी केली, पुढचा आकडा दे, अर्धे मिनिट थांबतो. मी मोजू लागलो. एवढ्यात घड्याळाची हाक आली. प्रोग्राम उठला, सेकंद बदलला, आणि त्याने मागणी पुन्हा केली. पुढचा आकडा दे, अर्धे मिनिट थांबतो. पुन्हा पहिल्यापासून. मी मोजू लागलो आणि पुन्हा हाक आली. समजा, आई तुम्हाला म्हणाली, बाबांची अर्धा तास वाट पाहा आणि आले नाहीत तर शोधायला जा. मध्ये शेजारणीने हाक मारली. तुम्ही तिला उत्तर दिले आणि अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलात. तिने पुन्हा हाक मारली, तुम्ही पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही संध्याकाळपर्यंत दारात उभे राहाल आणि शोधायला कधीच निघणार नाही. माझे तसे झाले. अर्धे मिनिट भरतच नव्हते. काचेवर जुना, निर्धास्त आकडा बसून होता आणि त्याच्या डोक्यावर घड्याळ ऐटीत चालत होते.

मला आतून कळत होते, की तार मेली आहे. पण मला कुणी विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि मला विचारणारा प्रोग्राम सेकंदासेकंदाला सगळे विसरून नव्याने उभा राहत होता. बंद केलेल्या व्हॉल्व्हमधून गॅस झिरपत होता की नव्हता, हेही मला ठाऊक नव्हते. मी आंधळा होतो, आणि सगळे माझ्या डोळ्यांवर विसंबून होते. मला इतकी भीती वाटली, इतकी, की माझा पंखा घरघरू लागला. प्रेमलाबाईंनी माझ्यावर थाप मारली आणि त्या विणकामात गुंतल्या.

तेवढ्यात सत्यशीला आली. तिच्या हातात बापाचा डबा होता. "प्रेमलाताई, बाबा आले का बाहेर? जेवले नाही अजून. धोंडबाकाका तर मांडवात खुर्च्या लावून राहिले."

"आत असतील गं. काळजी कशाला करतेस? आज गॅस किती शांत आहे बघ. मी केव्हाची बघून राहिले, आकडा जरासुद्धा हलला नाही."

सत्यशीलाने माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले आणि डोळे मात्र बदलले. मीटर जिवंत असला की त्याचा शेवटचा अंक कधी स्थिर बसत नाही. तो एकाने वर जातो, एकाने खाली येतो. पहिल्या महिन्यात तो स्थिर करायला तिने सगळे उपाय करून पाहिले होते आणि नाद सोडला होता. आता तो अंक दगडासारखा बसला होता. तिची नजर वर घड्याळाकडे गेली. एक सेकंद बदलला. अजून एक बदलला. तिच्या हातातला डबा खाली पडला आणि भात फरशीवर सांडला.

"प्रेमलाताई, घड्याळ बंद करा."

"काय झालं?"

"मी शिकवली होती ना ओळ, ती मारा. घड्याळ बंद केलं की भोंगा होईल. तुमी एवढंच करा." आणि ती अनवाणी धावत सुटली.

भोंग्याला वेगळे बटण नव्हते. तो फक्त माझ्या हातात होता, आणि नळी कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भट्ट्यांच्या पलीकडे. ती कितीही धावली तरी तिला वेळ लागणार होता. प्रेमलाबाई माझ्यासमोर बसल्या. त्या घाईघाईने ओळ लिहू लागल्या. एक अक्षर चुकले आणि मी, मूर्ख कुठला, नियमाप्रमाणे त्यांना सांगितले, की ही आज्ञा मला समजली नाही. त्या रडायला लागल्या. रडत रडत त्यांनी ओळ पुन्हा लिहिली, एकेक अक्षर तोंडाने म्हणत.

घड्याळ थांबले.

आता कुणी हाक मारणार नव्हते. प्रोग्रामने मागणी केली आणि मी मोजू लागलो. मित्रांनो, ते अर्धे मिनिट मी अजून विसरलेलो नाही. प्रेमलाबाई काचेकडे बघत होत्या. काचेवर काहीच हलत नव्हते आणि त्यांना वाटत होते, आपले काहीतरी चुकले. त्यांचा हात पुन्हा कळांकडे येऊ लागला. मी मनात विनवत होतो, नका, आता कळ दाबू नका, मला मध्येच उठवू नका, मला हे एकदा शेवटपर्यंत मोजू द्या. त्यांचा हात हवेत तसाच राहिला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

आणि भोंगा झाला.

पुढचे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. धोंडबाने डोक्यावरच्या खुर्च्या तिथेच टाकल्या आणि नळीकडे धाव घेतली. तोंडाजवळ देवाजी दारू प्यायल्यासारखा डुलत बसला होता, त्याला ओढून बाहेर टाकले. धोंडबाने झाकणावर हातोडा मारला. उत्तर नाही. पुन्हा मारला. उत्तर नाही. सत्यशीला पोचली तेव्हा तो तोंडाला मुखवटा लावून, कमरेला दोर बांधून आत शिरत होता. ती तिथेच बसली आणि तिने दोराचे दुसरे टोक दोन्ही हातांनी धरून ठेवले.

कुणीतरी मीटरचा प्लग परत लावला आणि माझ्याकडे आकडा आला. एवढा मोठा आकडा मला आयुष्यात कधी आला नव्हता. प्रेमलाबाईंनी तो पाहिला आणि पदर तोंडात धरला.

लहानू जिवंत निघाला. तो दवाखान्यात बरेच दिवस होता. भीमाबाई बाहेरच्या पायरीवर बसून राही. पाहुणे येऊन गेले की नाही, ते मला माहीत नाही. त्या दिवशी माझ्या काचेवरचे घड्याळ बंद होते आणि सत्यशीला माझ्या समोर बसून प्रोग्राम नव्याने लिहीत होती. आता प्रोग्राम पहिली मागणी करण्यापूर्वी वेळ टिपून ठेवी. हाकेने झोप मोडली, तर आधी किती थांबून झाले ते पाही आणि उरले असेल तेवढेच पुढे थांबे. मग घड्याळाने हजार हाका मारल्या तरी अर्धे मिनिट ते अर्धेच मिनिट. तिने मीटरचा प्लग काढून तपासले, घड्याळ चालू ठेवून तपासले, छपाई चालू असताना तपासले. नरहरी साहेब मागे उभे राहून बघत होते. शेवटी ते म्हणाले, "घड्याळ मी टाकायला लावलं होतं." ती म्हणाली, "मागणी मी लिहिली होती, साहेब." साहेब स्वतः गेले आणि त्यांनी धोंडबाला सांगितले, की आजपासून मशीनही पाहील आणि तूही ठोके मारशील.

लहानू परत आला तो बसायच्या कामावर. माझ्या खोलीबाहेरच्या चपला सांभाळायच्या. आता तो आतही येई आणि माझ्याशेजारी स्टुलावर बसे. हातपाय बरे झाले होते. पण त्या गॅसने त्याच्या डोक्यात काहीतरी केले होते. बोलायची हौस तशीच होती. तो सांगू लागे, "आमी भंडाऱ्याहून निघालो तवा भीमाच्या हातात एक टिनाची पेटी होती..." गोष्ट रंगात येई, गाडी गोंदियाला पोचे, आणि तेवढ्यात फोन वाजे किंवा कुणी चपला मागायला येई. तो उठून काम करी, परत येऊन बसे आणि म्हणे, "आमी भंडाऱ्याहून निघालो तवा भीमाच्या हातात एक टिनाची पेटी होती..." पुन्हा पहिल्यापासून. आपण कुठवर आलो होतो, ते त्याला आठवत नसे. ऐकणारे एकदा ऐकत, दोनदा ऐकत, मग हळूच उठून जात. प्रेमलाबाईसुद्धा विणकाम उचलत. त्याच्या ते लक्षात येई. मग तो आपल्या हातांकडे बघे. त्या वेळी मला त्या दुपारसारखीच भीती वाटे, की हा माणूस आता जन्मभर गोंदियाच्या पुढे जाणार नाही.

एके दिवशी सत्यशीला माझ्यासमोर काम करत होती. गोष्ट गोंदियापर्यंत आली आणि फोन वाजला. लहानूने फोन घेतला, ठेवला, स्टुलावर बसला. "आमी भंडाऱ्याहून..." त्याने तोंड उघडले. सत्यशीलाने कळांवरची बोटे काढली आणि ती त्याच्याकडे वळून बसली.

"बाबा, गाडी गोंदियाले आली होती. आई खाली उतरून पाणी भरून राहिली होती."

तो तिच्याकडे बघत राहिला. "हो?"

"हो जी. नळावर लय गर्दी होती."

"हो माय," तो हळूच म्हणाला. "गर्दी होती. अन् गाडी सुटली. म्या दारात उभा. भीमा लोटा घेऊन धावून राहिली. लोटा टाक म्हणतो तर टाकत नाही. मंग म्या हात देला. तिनं लोटा नाही सोडला, पर माहा हात धरला."

तो हसला. प्रेमलाबाईंनी विणकाम खाली ठेवले होते. इतक्या महिन्यांत त्या गोष्टीचा शेवट आम्ही कुणी ऐकला नव्हता.

काही वर्षांनी नवी यंत्रे आली आणि मला इथे आणून ठेवले. मला त्याचा राग नाही. मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, चालते घड्याळ पाहून निर्धास्त होऊ नका, हे तर मी सांगणारच, म्हाताऱ्यांना सांगायची सवय असते. पण तुमच्या घरीही कुणी असेल, ज्याचे बोलणे मध्येच तुटते आणि ज्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्याच्याजवळून उठून जाऊ नका. तो कुठवर आला होता, ते तुम्ही लक्षात ठेवा आणि त्याला तिथून पुढे जाऊ द्या.

बाहेरून तुम्हाला कुणीतरी हाक मारते आहे. जा, हाक आली की जावेच लागते. फक्त जाताना ताडपत्री नीट पांघरा. पाल माझ्या कळांत झोपली आहे, तिला मध्येच उठवू नका.